समोरून एक, मागून तीस

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, ब्रिस्टलपासून वीसेक किलोमीटरवर बाथ नावाचं शहर आहे. त्या शहराच्या उत्तरेकडच्या चढावर तीस घरं अर्धचंद्राकार मांडलेली आहेत. त्यांना मिळून रॉयल क्रेसेंट म्हणतात. समोरच्या हिरवळीवर उभं राहून पाहणाऱ्याला ही तीस घरं आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही. त्याला दिसतो एकच एक वाडा, सुमारे दीडशे मीटर लांब, फिकट पिवळ्या दगडाचा, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ११४ खांब. मग तो जवळ जातो, दारं मोजू लागतो आणि चक्रावतो. एका वाड्याला इतकी मुख्य दारं कशाला?

दारं तीस, कारण मालक तीस. वाडा एक, कारण तसं करारात लिहिलं होतं. या पुस्तकात मला सांगायचं आहे ते एवढंच. पण ते नीट सांगायचं तर दगड, जमीन, कर्ज, वकील, नोकरमाणसं आणि एक पिवळं दार इतक्या गोष्टींकडे वळावं लागतं, म्हणून पुस्तक झालं.

क्रेसेंट १७६७ ते १७७४ या काळात उभं राहिलं. आराखडा जॉन वुड यांचा. या नावाचे दोन वास्तुरचनाकार बाथमध्ये होऊन गेले, बाप आणि लेक. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून आपल्याकडच्या रिवाजाला धरून मी त्यांना थोरले वुड आणि धाकटे वुड म्हणणार आहे. क्रेसेंट धाकट्यांचं. पण ज्या युक्तीवर ते उभं आहे ती थोरल्यांची, आणि ती युक्ती कळायला आधी इंग्लंडातला शहरी माणूस घर कसं बांधत होता ते पाहावं लागतं.

टेरेस म्हणजे इथे गच्ची नव्हे, भिंतीला भिंत लावून ओळीने बांधलेली घरं. लंडनमध्ये १६६६ च्या मोठ्या आगीनंतर या पद्धतीला ऊत आला. वैद्यकीची पदवी घेतलेल्या निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने तर रोगी सोडून हाच धंदा धरला आणि ओळीच्या ओळी उभ्या केल्या. दोन घरांमध्ये एक सामाईक भिंत, तिच्या पोटातून वर जाणारी धुराडी, रस्त्याकडे दोन किंवा तीन खिडक्यांएवढी रुंदी आणि मागे खोलवर गेलेलं घर. रुंदी बेताची, कारण रस्त्यालगतची जागा महाग. उंचीला जमिनीचं भाडं पडत नाही, म्हणून घर वर चढतं. सगळा संसार एका जिन्याभोवती उभा रचलेला: तळघरात स्वयंपाकघर आणि कोठ्या, रस्त्याच्या पातळीला जेवणघर, पहिल्या मजल्यावर पाहुण्यांचा दिवाणखाना, त्याच्या वर निजायच्या खोल्या आणि छपराखाली नोकर. त्याच काळात पॅरिस-एडिनबर्गचे लोक एका इमारतीत मजल्यागणिक निराळी बिऱ्हाडं करून राहत होते. इंग्रजाला ते रुचलं नाही. त्याला स्वतःचं दार हवं होतं. त्यापायी दिवसातून वीस वेळा जिना चढावा लागला तरी बेहत्तर. चढायचं काम अर्थात बहुतेक नोकरांचंच होतं.

आता जमिनीचं. ती बहुधा एखाद्या घराण्याची किंवा संस्थेची असे आणि मालक ती विकायला तयार नसे. तो ती लांब मुदतीच्या, पुष्कळदा ९९ वर्षांच्या, भाडेपट्ट्याने देई. मुदत सरली की जमीन आणि तिच्यावर जे काही उभं असेल ते मालकाच्या वारसांकडे परत. पट्टा घेणारा त्या जमिनीचे घरागणिक तुकडे पाडून ते गवंडी, सुतार, गिलावा करणारे अशा कारागिरांना पोटभाड्याने देई. बांधकाम चालू असेपर्यंत भाडं नाममात्र. इंग्रजी करारात ते मिरीचा एक दाणा असं लिहीत. तेवढ्या मुदतीत कारागिराने भिंती उभ्या करून छप्पर घालायचं आणि गिऱ्हाईक गाठायचं. रोकड कुणाजवळच फारशी नसे. गवंडी सुताराच्या भिंती बांधी, सुतार गवंड्याच्या तुळया बसवी, आणि उरलेला पैसा त्याच पट्ट्याच्या तारणावर कर्जाऊ निघे. घरं विकली गेली तर सगळ्यांचं भलं. नाही गेली तर पहिला बुडे तो कारागीर.

या पद्धतीने इंग्लंडात हजारो घरं झाली आणि त्यांतली बहुतेक दिसायला यथातथाच होती. प्रत्येक जण आपल्या ऐपतीप्रमाणे आणि आपल्या अकलेप्रमाणे बांधी. कुणाची खिडकी वर, कुणाची खाली, कुणाचं दार रुंद. थोरल्या वुडनी याच व्यवस्थेत एक पाचर मारली. बाथमध्ये रॉबर्ट गे या जमीनमालकाकडून त्यांनी क्वीन स्क्वेअरची जागा भाडेपट्ट्याने घेतली आणि १७२८ पासून तिचे तुकडे पुढे देताना पोटभाडेकऱ्यांच्या करारात अट घातली: रस्त्याकडची बाजू मी काढून देईन त्याच चित्राप्रमाणे बांधायची. मागे आणि आत तुम्हाला हवं ते करा. चौकाच्या उत्तर बाजूला सात घरं आहेत. मधल्या घरावर त्रिकोणी शिखर, खाली ओळीने खांब, दोन्ही टोकं किंचित पुढे आलेली. समोरून पाहणाऱ्याला तो एखाद्या उमरावाचा महाल वाटावा. लंडनमध्ये असे प्रयत्न त्याआधी झाले होते, पण तडीला गेले ते इथे. राजवाडा बांधायला लागणारा पैसा कुणा एकाकडे नव्हता. सात जणांनी आपापल्या घराचे पैसे घातले आणि राजवाडा फुकटात मिळाला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

बाथमध्येच हे का जमलं, याचं उत्तर तिथल्या गरम पाण्यात आहे. रोमन लोकांनी या झऱ्यांवर स्नानगृहं बांधली होती. अठराव्या शतकात प्रकृतीचं निमित्त करून पैसेवाले लोक पुन्हा तिथे गोळा होऊ लागले. पाणी प्यायचं, पाण्यात बसायचं, आणि उरलेला सगळा वेळ पत्ते, नाच आणि सोयरिकी. रिचर्ड नॅश नावाच्या, लोक ज्याला ब्यू म्हणजे छबकडा म्हणत, त्या जुगारी गृहस्थाने या गर्दीला नाचाच्या वेळेपासून पोशाखापर्यंत शिस्त लावली. १७०० च्या सुमाराला दोन-तीन हजार वस्तीचं हे गाव १८०१ च्या शिरगणतीत तेहतीस हजारांच्या आसपास गेलं. हे लोक हंगामापुरते येत. त्यांना काही आठवड्यांसाठी, काही महिन्यांसाठी भाड्याने घर हवं असे, आणि असं हवं असे की पत्ता सांगितला की समोरच्याने मान तुकवावी. पाहुणा बाहेरून घर पाहून भाडं ठरवतो. मागची बाजू पाहायला कोण जातो? दर्शनी भागावर एवढा खर्च आणि एवढी शिस्त का, हे यावरून उमगावं.

दगडाचंही नशीब लागलं. बाथचा दगड हा चुनखडीचा एक प्रकार. भिंग लावून पाहिला तर खसखशीसारखे गोल कण एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. खाणीतून ताजा निघालेला दगड ओलसर असतो आणि लाकूड कापावं तसा करवतीने कापता येतो. हवेवर पडला की ओल उडते आणि पृष्ठभाग टणक होतो. त्याला वाटेल त्या दिशेने कापता येतं, कोरता येतं, पण बसवताना मात्र एक पथ्य आहे: खाणीत तो ज्या अंगावर निजलेला होता त्याच अंगावर भिंतीत निजवायचा. थर उभे करून बसवला तर पाणी थरांत शिरतं, थंडीत गोठतं आणि दर्शनी बाजूचे पापुद्रे सुटतात. घाईतल्या गवंड्यांनी हे पथ्य मोडलेल्या जागा बाथमध्ये आजही बोटाने दाखवता येतात. पाथरवटाचं लक्ष कुठे होतं आणि कुठे नव्हतं हे अडीचशे वर्षांनी भिंत सांगते.

या दगडामागे रॅल्फ ॲलन उभे होते. टपालव्यवस्था सुधारून त्यांनी पैसा केला आणि शहराच्या दक्षिणेला कोम्ब डाउनच्या खाणी घेतल्या. खाणीपासून नदीपर्यंत लाकडी रूळ टाकले. भरलेल्या गाड्या उतारावरून आपल्याच वजनाने खाली येत. लंडनच्या जाणकारांनी या मऊ दगडाकडे पाहून नाक मुरडलं, तेव्हा ॲलननी थोरल्या वुडकडून स्वतःसाठी प्रायर पार्क हा महाल याच दगडात बांधून घेतला. ती त्या दगडाची जाहिरातच होती. क्रेसेंटच्या समोरच्या बाजूला हाच दगड घडीव चिऱ्यांत बसवला आहे, सांधे इतके बारीक की दुरून दिसू नयेत. त्या चिऱ्यांच्या पाठीला मात्र ओबडधोबड डबर आहे.

क्वीन स्क्वेअरनंतर थोरल्या वुडनी हात घातला तो सर्कसला. ३३ घरांचं संपूर्ण वर्तुळ, तीन मजल्यांवर तीन प्रकारचे खांब, खाली डोरिक, मध्ये आयोनिक, वर कोरिंथियन. घरांवर सुमारे सव्वापाचशे कोरीव चिन्हं, आणि माथ्यावर दगडाची एकॉर्न फळं. वुडना स्टोनहेंजच्या प्राचीन शिळावर्तुळाचं वेड होतं. त्यांनी त्याची मापं घेतली होती, आणि बाथ हे एके काळी ड्रुइड पुरोहितांचं पीठ होतं अशी त्यांची ठाम समजूत होती. इतिहासकार याला आधार नाही म्हणतात. माझं म्हणणं असं की चुकीच्या इतिहासातून एवढं चांगलं वर्तुळ निघणार असेल तर तक्रार कशाची? १७५४ मध्ये पाया घातला आणि काही महिन्यांतच थोरले वारले. काम धाकट्यांनी पुरं केलं. १७७१ च्या आपल्या कादंबरीत स्मॉलेटने एका तिरसट पात्राच्या तोंडून या सर्कसची रेवडी उडवली आहे, म्हणजे त्या काळीही सगळेच भारावलेले नव्हते.

सर्कस बंद आहे. आत शिरलं की तिन्ही रस्त्यांच्या समोर वळलेली भिंतच येते. शहर स्वतःकडे पाहत बसतं. तिथून पश्चिमेकडे ब्रॉक स्ट्रीट नावाचा छोटा रस्ता निघतो. त्याची घरं मुद्दाम साधी, जवळजवळ नीरस. रस्ता संपता संपता डावीकडे एकाएकी मोकळं आकाश आणि दरी उघडते आणि उजवीकडून क्रेसेंट वळत जातं. हा धक्का ठरवून दिलेला आहे. ब्रॉक स्ट्रीटच्या साधेपणाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण गवयाने समेवर येण्याआधी आवाज खाली घ्यावा तसा तो रस्ता आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. धाकट्या वुडनी वर्तुळ मधोमध कापलं आणि अर्धा भाग काढून टाकला. उरलेल्या अर्ध्याची बैठक लंबवर्तुळाची केली आणि त्याचं तोंड शेताकडे फिरवलं. घरांच्या ओळीने शहराकडे पाठ करून रानाकडे पाहावं, ही कल्पना तेव्हा नवी होती. ओळीतल्या घरांचं असं अर्धचंद्राकार वळण इंग्लंडमध्ये याआधी कुणी बांधलं नव्हतं असं मानतात. पुढे शंभर वर्षं ते गावोगाव बांधलं गेलं.

बापाने तीन प्रकारचे खांब, चिन्हं, एकॉर्न यांची लयलूट केली होती. लेकाने सगळं झाडून टाकलं. क्रेसेंटचा तळमजला सपाट आहे, इतका की पहिल्यांदा पाहणाऱ्याला काम अर्धवट राहिलं की काय असं वाटावं. त्या सपाट पट्टीवर पहिला आणि दुसरा मजला एका दमात गाठणारे आयोनिक खांब, सुमारे अडीच फूट जाडीचे, भिंतीत काही अंश रुतलेले. त्यांच्यावर कंगणी, कंगणीवर कठडा, कठड्याआड छपरातल्या नोकरांच्या खिडक्या. बस्स. एवढ्या लांब भिंतीच्या मध्यावर शिखर उभारायचा मोह कुणालाही झाला असता. धाकट्यांनी मधल्या, म्हणजे १६ क्रमांकाच्या, घराला जोडखांब दिले आणि तेवढ्यावर भागवलं. खांबांची लय घरांच्या सीमा ओलांडून जाते. आपलं घर कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं हे खांब सांगत नाहीत, आणि त्यांनी सांगू नये हीच योजना होती.

प्रत्येक गिऱ्हाईकाने दर्शनी भागाचा आपला तुकडा घेतला आणि त्यामागे आपल्या पसंतीचा रचनाकार लावून घर बांधून घेतलं. म्हणून मागून क्रेसेंट पाहणं ही वेगळीच करमणूक आहे. कुठे भिंत पुढे आलेली, कुठे आत, खिडक्या वरखाली, छपरांची उंची एकीची दुसरीशी न जुळणारी, नंतरच्या पिढ्यांनी चिकटवलेल्या खोल्या आणि नळ. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हाच, आणि मला स्वतःला हा तमाशा फार आवडतो. समोरच्या बाजूला एका माणसाचं डोकं दिसतं. मागे तीस बिऱ्हाडांची गरज दिसते. पुस्तकातली सर्वांत जास्त चित्रं मी मागच्या बाजूची घातली आहेत, कारण पोस्टकार्डांवर ती कधी नसतात.

घराच्या आतलं आयुष्य पाहायचं तर १ क्रमांकाचं घर आहे. बाथ प्रिझर्व्हेशन ट्रस्ट ही संस्था १९३४ पासून या शहराच्या जुन्या इमारतींसाठी झगडते आहे. मेजर बर्नार्ड केझर यांनी हे घर १९६७ मध्ये विकत घेऊन ट्रस्टच्या हवाली केलं आणि १९७० पासून ते संग्रहालय आहे. दिवाणखान्यातल्या रेशमी भिंतींपुढे बहुतेक प्रेक्षक रेंगाळतात. मी वाचकाला खाली, स्वयंपाकघरात नेणार आहे. तिथे भिंतीवर उंच एक लाकडी चाक आहे. त्यात कुत्रं घालून त्याला पळवायचं, म्हणजे चुलीपुढची मांसाची सळई फिरत राहते. वर मेणबत्त्यांच्या उजेडात जे ताट पोचायचं त्यामागे हे कुत्रं होतं, कोळसा चार मजले चढवणारी पोरगी होती, आणि रोज सकाळी भांडी घेऊन त्याच जिन्याने उतरणारीही तीच होती, कारण या भपकेबाज घरांना न्हाणीघर नव्हतं. विसाव्या शतकात नोकरांचा हा भाग घरापासून तोडून वेगळा केला गेला होता. २०१३ मध्ये तो पुन्हा जोडला तेव्हा कुठे घर पुरतं कळू लागलं.

याच घरावर आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. पहिल्या मजल्याच्या खिडक्या नीट पाहिल्या तर १ क्रमांकाच्या घराच्या खिडक्यांची खालची कड शेजाऱ्यांपेक्षा वर आहे. वाटतं, ह्याच घराने शिस्त मोडली. प्रत्यक्षात उलट आहे. एकोणिसाव्या शतकात खिडक्या जमिनीपर्यंत लांब करायची फॅशन आली तेव्हा क्रेसेंटभर दगड कापून कडा खाली नेल्या गेल्या. १ क्रमांकाची दुरुस्ती करताना माप पुन्हा मुळावर आणलं. धाकट्या वुडनी आखलेलं प्रमाण पाहायचं तर आज ते इथेच पाहावं लागतं. बाकीच्या घरांनी एकजुटीने चूक केली आहे.

समोरच्या हिरवळीतही अशीच एक लपवाछपवी आहे. रहिवाशांच्या खाजगी हिरवळीच्या कडेला एक खंदक असून त्याची आतली बाजू दगडाची, उभी, बाहेरची उतरती. इंग्रजीत त्याला हाहा असं गमतीदार नाव आहे. घरातून पाहणाऱ्याला खंदक दिसतच नाही. आपली हिरवळ आणि खालचं कुरण सलग आहे असं वाटतं. गुरं मात्र वर येऊ शकत नसत. आता खाली गुरं नाहीत, जनता आहे, आणि खंदक आपलं काम पूर्वीइतकंच चोख करतो.

इथे राहून गेलेल्यांची यादी देण्याचा मोह मी आवरला आहे. दोघांपुरता अपवाद. ११ क्रमांकाच्या घरातून १७७२ मध्ये एलिझाबेथ लिनली ही गायिका नाटककार शेरिडनबरोबर फ्रान्सला पळून गेली. क्रेसेंटची काही घरं तेव्हा अजून बांधून व्हायची होती. याच शेरिडनने पुढे पार्लमेंटमध्ये वॉरन हेस्टिंग्जवरच्या खटल्यात अवधच्या बेगमांची बाजू मांडताना तासन्‌तास भाषणं केली. दुसरे १७ क्रमांकाचे सर आयझॅक पिटमन. टंकलेखन-लघुलेखनाच्या वर्गात ज्यांची उमेदीची वर्षं गेली त्या मराठी कारकुनांच्या दोन पिढ्यांना हे नाव वेगळं सांगायला नको. रॉयल हे विशेषण, जाता जाता सांगतो, अठराव्या शतकाच्या अखेरीस राजपुत्र फ्रेडरिक, ड्यूक ऑफ यॉर्क, इथे राहिला त्यानंतरचं. आधी नुसतं क्रेसेंट होतं. रविवारी तिथे फेरफटका मारून कोण आलंय ते पाहायचं, ही चाल जेन ऑस्टिनच्या नॉर्थँगर ॲबीमध्ये येते. त्या स्वतः १८०१ ते १८०६ बाथमध्ये राहत होत्या.

हा सगळा पैसा आला कुठून, या प्रश्नाला या विषयावरच्या देखण्या चित्रपुस्तकांत सहसा जागा नसते. शेजारचं ब्रिस्टल हे गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं. वेस्ट इंडीजमधले उसाचे मळे असणारी कुटुंबं हंगामाला बाथला येत, घरं घेत, कर्ज देत. जमैकाच्या साखरेवर गबर झालेल्या घराण्यातले विल्यम बेकफर्ड उतारवयात लॅन्सडाउन क्रेसेंटमध्ये येऊन राहिले. हिंदुस्थानातून परतलेला पैसाही होताच. खुद्द रॉबर्ट क्लाइव्हने सर्कसमध्ये घर केलं होतं. दगड कोम्ब डाउनचा असला तरी भिंतीतला पैसा कुठल्या कुठल्या किनाऱ्यांवरून आला होता, हे मला नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही.

१९४२ च्या एप्रिलच्या अखेरीस जर्मन विमानांनी बाथवर बॉम्ब टाकले. शहरात चारशेहून अधिक माणसं गेली. क्रेसेंटमधली २ आणि १७ क्रमांकाची घरं आगलाव्या बॉम्बनी आतून जळून खाक झाली. दगडी दर्शनी भाग तगला आणि त्यामागे नव्याने घरं बांधण्यात आली. म्हणजे वुडच्या युक्तीची ती दुसरी आवृत्ती झाली: पुढचा पडदा तोच, मागे नवं घर. युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या आराखड्यात तर सगळं क्रेसेंट नगरपालिकेची कचेरी करावं अशी सूचना होती. ती बारगळली. आज तीसपैकी दहा घरं अखंड आहेत, अठरांचे फ्लॅट झाले आहेत, मध्यावर हॉटेल आहे आणि टोकाला संग्रहालय. हंगामी भाडेकऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत हॉटेल निघालं याचं मला काही वाईट वाटत नाही.

पिवळ्या दाराची हकिकत १९७० च्या दशकातली. २२ क्रमांकाच्या घरातल्या एका वृद्ध बाईंनी आपलं दार पिवळं रंगवलं. क्रेसेंटची दारं पांढरी असतात. नगरपालिकेने नोटीस काढली, बाई हटल्या नाहीत, प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं आणि निकाल बाईंच्या बाजूने लागला. दार पिवळंच राहिलं. या भांडणात मी कुणाच्या बाजूचा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एका दाराने सगळी लय बिघडते हे खरं. पण मूळ करारात दगडाचं माप होतं, रंगाच्या डब्याचं नव्हतं, असा युक्तिवाद कुणी केला असता तर मला तो पटला असता.

क्रेसेंटच्या नकला पुष्कळ झाल्या. बाथमधल्याच कॅम्डन क्रेसेंटची पूर्वेकडची बाजू डोंगर खचल्यामुळे पुरी झालीच नाही. त्यामुळे मधलं म्हणून बांधलेलं शिखर आता एका कडेला कललेलं दिसतं, आणि त्याखाली खांब पाच, म्हणजे नेमका मध्यावर एक, जिथे नियमाने मोकळी जागा हवी. १७९३ मध्ये बाथच्या बँका कोसळल्या आणि अर्धवट घरांच्या ओळी कित्येक वर्षं बिनछपराच्या उभ्या होत्या. युक्ती समुद्रापलीकडेही गेली. मुंबईत टाउन हॉलसमोर, कापसाच्या तेजीच्या दशकात, पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांच्या पुढाकाराने एल्फिन्स्टन सर्कल आखलं गेलं. तेच आजचं हॉर्निमन सर्कल. बागेला वळसा घालणाऱ्या इमारती वेगवेगळ्या व्यापारी पेढ्यांच्या, आणि दर्शनी भाग सगळ्यांचा एक. त्याचा आदर्श म्हणून बाथचं नाव घेतलं जातं. बाथमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र तिथे आहे: खालची कमानींची पडवी. उन्हापावसात तिथून चालणाऱ्याला ती का आहे ते सांगावं लागत नाही.

प्रकरणांचा क्रम काळानुसार आहे. कायद्याची आवड नसलेल्यांनी भाडेपट्ट्यांवरचं तिसरं प्रकरण सोडून थेट दगडाकडे गेलं तरी चालेल, जरी माझ्या मते सगळी गंमत तिसऱ्यातच आहे. मापं मी फुटांत ठेवली आहेत, कारण वुड पितापुत्रांनी फुटांतच विचार केला आणि मीटर केल्यावर त्यांच्या प्रमाणांतले सोपे आकडे विस्कटतात. सबंध इमारतीची लांबी तेवढी सोयीसाठी मीटरमध्ये दिली आहे. चित्रं पाहताना आणखी एक ध्यानात ठेवावं. हिरवळीवरून पाहताना १ क्रमांकाचं घर उजव्या टोकाला असतं. मागच्या बाजूच्या चित्रांत ते डावीकडे येतं, आणि तिथे दिशा विसरलात तर पिवळ्या दाराचं घर शोधताना भलत्याच बिऱ्हाडाच्या परसात जाल.